खारा चहा आणि हातात गरम गोटा

प्रश्न: ताई, जुलैत आम्ही मुलाकडे उलानबातरला चाललोय. तो म्हणतो एकदा तरी पारंपरिक मंगोलियन हॉटेलात, त्या गोल तंबूत बसून जेवायचंच. कॉलेज रोडला आम्ही एकदा मंगोलियन खाल्लं होतं, भाज्या-नूडल्स आपण वाटीत भरून द्यायच्या आणि ते मोठ्या तव्यावर परतून देतात, मस्त होतं. तसंच असतं का? आणि आमचे हे अंडंसुद्धा खात नाहीत, त्यांचं काय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: अहो, ते तव्यावरचं प्रकरण मंगोलियाचं नाहीच! १९५१ मध्ये तैवानात, तैपेईला वू झाओनान म्हणून एकाने ते सुरू केलं, त्याला खरं तर बीजिंगचं नाव द्यायचं होतं, पण तेव्हाचं राजकारण बघता ते जड गेलं असतं म्हणून मंगोलियन म्हटलं. झालं, तेच जगभर पसरलं.

खरं जेवण म्हणजे मटण, पीठ आणि दूध, मसाला जवळजवळ नाही, आपल्या मिसळीवर वाढलेल्या जिभेला पहिले दोन घास फिकेच लागतात. बूझ म्हणजे मटणाचे उकडीचे मोदक समजा, आधी छोटं भोक पाडून आतला रस ओढायचा, नाहीतर सगळा अंगावर (मी साडीवर घेतला होता). खुशूर म्हणजे चपटी तळलेली करंजी, जुलैत नादामचा सण असतो तेव्हा तर जिकडेतिकडे तेच. खोरखोगला मटण, बटाटे, गाजर आणि तापवलेले गोटे दुधाच्या कॅनसारख्या डब्यात घालून झाकण घट्ट बंद करतात. जेवणाआधी त्यातला एकेक काळाकुट्ट, चरबीने माखलेला गोटा हातात देतात, तब्येतीला चांगला म्हणे. चटका बसतो, या हातातून त्या हातात टाकत राहायचं, माझी मुलगी तर ओरडलीच होती.

तंबूला गेर म्हणतात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे आपल्याला सांगायला नको, आत गेलं की डावीकडून जायचं, आणि काहीही दिलं तर उजव्या हाताने घ्यायचं, डावा हात उजव्या कोपराखाली. एकदम नको म्हणू नका, ओठ लावून परत दिलं तरी चालतं.

आता ह्यांचं. चहा दुधाचाच पण मिठाचा असतो, काही ठिकाणी त्यात चरबी पण टाकतात, तेव्हा आधी विचारा. आयराग म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ताकासारखं आंबट लागतं पण त्यात थोडा अल्कोहोल असतो. आरूल मात्र बिनधास्त द्या, चक्का वाळवून दगड केल्यासारखं, चघळत बसतील. मुलाला आधीच फोन करून बिनमटणाचं त्सुइवान, म्हणजे नूडल्स, सांगून ठेवायला लावा, शहरात व्हेज हॉटेलंही आहेत. आणि बॅगेत नाशिकचा चिवडा असू दे, पण गेरमध्ये पाकीट फोडायचं तर आधी यजमानांसमोर धरा, दोन्ही हातांनी.