टेप खातोय, आवाजही दबलाय

प्रश्न : आमच्या १९९८ च्या गाडीत ऑटो-रिव्हर्स (बाजू आपोआप बदलणारा) कॅसेट प्लेयर आहे. पावसाळ्यापासून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, रेडिओ मात्र स्वच्छ वाजतो. आता दोन कॅसेटींची टेपही आत गुंडाळली गेली. क्लीनिंग कॅसेट लावून भागेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : रेडिओ नीट वाजतो म्हणजे स्पीकर ठीक आहेत. टेपवरचा तपकिरी ऑक्साइड घासून हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर बसतो. त्या थरामुळे टेप हेडपासून केसभरसुद्धा नव्हे, त्याहून कितीतरी कमी उचलली जाते, तरी टाळ-झांजांची किणकिण आधी जाते. पण थांबा, हेड पुसण्याआधी कॅसेट हातात घ्या. मधल्या खिडकीत टेपच्या मागे धातूच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो. तो गळला असला तरी आवाज असाच दबतो आणि शिव्या प्लेयरला बसतात.

आता सफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या; मोबाइल दुरुस्तीवाले हेच वापरतात. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. इग्निशन बंद, खिडक्या उघड्या, जवळपास सिगारेट नाही. लांब काडीच्या कापसाचा बोळा ओला करा, निथळता नको. टॉर्चच्या उजेडात हेडचा चकचकीत भाग हलकेच पुसा. बोळा तपकिरी झाला की दुसरा घ्या. पांढराच राहीपर्यंत पुसायचं. मग १० मिनिटं वाळू द्या. आत स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. हेडशेजारचा छोटा स्क्रू हेडचा कोन ठरवतो, तो फिरला की सगळ्याच कॅसेटी दबक्या वाजतात.

टेप खाण्याचं मूळ बहुधा रबरी पिंच रोलरमध्ये असतं. तो आणि कॅप्स्टनचा पोलादी दांडा मिळून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर टेप ओढतात. रोलर चिकट झाला की टेप त्यालाच लपेटते. ऑटो-रिव्हर्समध्ये रोलर दोन असतात. एकाच दिशेला टेप खात असेल तर त्या दिशेच्या रोलरवर संशय घ्या. हे भाग कॅसेट घालायच्या फटीतून बोळ्याने नीट पुसता येत नाहीत, तिथे ओली क्लीनिंग कॅसेट कामाची. कोरडी, खरखरीत फितीची नको, ती हेड झिजवते.

एवढं करूनही टेप खाल्ली, किंवा गाणं अर्ध्यावर असताना प्लेयर आपोआप बाजू बदलू लागला, तर टेप गोळा करणारं चाक घसरतंय. म्हणजे बहुधा ते फिरवणारा रबरी पट्टा सैल झालाय. मग सेट बाहेर काढावाच लागेल. जुना पट्टा ताणलेला असतो, त्याच्या मापाचा नवा घेऊ नका. घेर साधारण ५ टक्के कमी हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना सोबत न्या. काही पट्टे वितळून डांबरासारखे होतात. तो चिकटा पुलीवरून अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा चढवलात तर तोही घसरेल.

प्रश्न : ठेवणीतल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते. लावून पाहू का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुळीच नाही. ती बुरशी हेडवर आणि रोलरवर बसते, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला लागते. बाकीच्या निरोगी कॅसेटी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून वाजवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आणि गाडीत सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट टाळा. तिची टेप फार पातळ असते; डॅशबोर्डवरच्या उन्हात तर तिचं काही खरं नाही.