पायरीचा नमस्कार

चिऊ,

परवा इंग्लंडमधला कॉर्फचा किल्ला बघून येताना गाडीत तू विचारलंस, "आई, तू त्या पायरीला हात लावून कपाळाला का लावलास? लोक बघत होते. आणि तो आपला किल्ला पण नाही." मी "सवय गं" म्हणून वेळ मारून नेली. पण ते "आपला नाही" टोचत राहिलं.

मी पाचवीत असताना अण्णांनी मला आणि मनूमामाला रायगडावर नेलं. महाडहून एसटीने पाचाड, पुढे चढण. नव्या कॅनव्हासच्या बुटांनी माझी टाच सोलली होती. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर फतकल मारून मी मोजा काढत होते, तर अण्णांनी दंडाला धरून उठवलंच. "ऊठ, खाली हिरोजी आहे." मला वाटलं, कुणाला पुरलंय! मग त्यांनी अक्षरांवरून माझं बोट फिरवलं : सेवेचे ठायी तत्पर हिरोजी. गड बांधणाऱ्याने आपलं नाव पायरीवर कोरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून, असं अण्णा म्हणाले. ते वाकले, मीही वाकले. तेव्हापासून गडाची पायरी दिसली की हात जातोच.

भाबडं आहे, मान्य. शिवाय त्याच दुपारी मामाने आणि मी तिथल्या एका भिंतीवर कोळशाने आपापली नावं लिहिली. (अण्णांना अजून माहीत नाही, बोलू नकोस.) पायरीला नमस्कार आणि भिंतीवर कोळसा! तेव्हा तुला शिकवायला मी कुठल्या तोंडाने येऊ?

कॉर्फ १६४६ मध्ये राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या लोकांनी सुरुंग लावून फोडला, हे तूच वाचून दाखवलंस. तेव्हा शिवाजी महाराज सोळा वर्षांचे. हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप होतो, हसू नकोस. दरवाज्याचा तो बुरूज घसरून खाली आलाय नि तरी उभा आहे, त्याच्यासारखी तिरकी होऊन तू फोटो काढलास. रायगड जळाला १८१८ मध्ये, इंग्रजांच्या तोफांनी. म्हणून इथे वाकताना मलाही क्षणभर विचित्र वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी मागे राहिले म्हणून तू वैतागलीस ना? मी पाट्या वाचत होते. राजांची नावं होती, किल्ला लढवणाऱ्या मेरी बँक्सचं होतं. दगड रचणाऱ्या गवंड्याचं मला कुठे दिसलं नाही. मग हात गेला.

तू करावंस असं मुळीच नाही. पुढच्या वेळी मी आधी आजूबाजूला बघेन.

अण्णांना तुझा तिरका फोटो पाठवलाय. विचारताहेत, पायऱ्या किती होत्या? तू मोजल्यास का गं?

आई