‘आमच्या घराण्यातच आहे’ असे पालक म्हणाले, तर

ठाण्यात मुलांचे समुपदेशन सुरू करताना, घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात असो वा कोपरीच्या चाळीत, ‘हिची आजीही अशीच कुढत बसायची, रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्याला वारंवार ऐकावे लागेल. त्याला लगेच होकार देऊ नये आणि ते खोडूनही काढू नये. जुळ्यांच्या अभ्यासांतून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के आढळली आहे, परंतु हा आकडा लोकसमूहातील माणसामाणसांमधल्या फरकांत जनुकांचा वाटा किती, याविषयी आहे, समोर बसलेल्या मुलीच्या दुःखातील वाटा मोजणारा नव्हे. सेरोटोनिन वाहक जनुक (मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या वहनाशी निगडित जनुक) आणि ताण मिळून नैराश्य आणतात, हा संबंध २००३ मध्ये फार गाजला (मीही ती गोष्ट नको तितक्या आत्मविश्वासाने सांगत असे), मात्र २०१९ च्या मोठ्या विश्लेषणात अशा एकेकट्या जनुकांना आधार मिळाला नाही. असंख्य जनुकांचा प्रत्येकी किंचित परिणाम होतो. म्हणून जनुक-चाचणीवर पैसे घालवू पाहणाऱ्या पालकांना परावृत्त करावे. त्याऐवजी राग किंवा खिन्नता ओसरायला किती वेळ लागतो याची नोंद मुलीलाच ठेवू द्यावी, आणि शेजारी झोप, परीक्षा, घरातले वाद लिहावेत. उदासी दोन आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक पालकांच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोरच नोंदवून घ्यावा.