प्रोजेक्टच्या सूचना लिहिताना

अरे, सोसायटीच्या नोटिशी लिहून घ्यायला AI चॅटबॉटमध्ये प्रोजेक्ट (एका कामाच्या चॅट्सचा वेगळा कप्पा) केलास, तर त्याच्या सूचनांत ‘तू तज्ज्ञ आहेस, छान उत्तर दे’ एवढ्यावर भागत नाही. या सूचना प्रोजेक्टमधल्या प्रत्येक नव्या चॅटला लागू होतात, म्हणून कायम लागणारंच तिथे लिही: सोसायटी घोडबंदर रोडला, 4 विंग, वाचणारे बहुतेक ज्येष्ठ, नोटीस साध्या मराठीत, 150 शब्दांच्या आत. आजच्या टँकरचं चॅटमध्येच सांग. मी एकदा ते सूचनांत घातलं, तर पार्किंगच्या नोटिशीतही पाणी शिरलं! नुसतं ‘थोडक्यात लिही’ म्हणू नकोस, कारण दे: लोक लिफ्टची वाट बघत उभ्याउभ्या वाचतात. आवडलेली एखादी जुनी नोटीस नमुना म्हणून चिकटव. दहा विशेषणांपेक्षा ती कामाची. थकबाकीदारांची नावं काढून, बरं का. आणि तारीख किंवा रक्कम दिली नसेल तर मनाने घालू नकोस, जागा कोरी सोड, असं स्पष्ट बजाव.