पोहता येत नसेल तर ग्रेट व्हाइट शार्कच्या केज डायव्हिंगला जाता येतं का? नाशिकहून त्यासाठी साऊथ आफ्रिकेला जाणं वर्थ आहे का?

पोहता येत नाही तर चालेल का, पिंजऱ्यात भीती किती वाटते आणि नाशिकहून एवढा खर्च करून फक्त शार्कसाठी जावं का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन्हींची काळजी करू नका, खरा विचार करायचाय तो तिसऱ्याचा, कारण लोक यूट्यूबवरचे जुने व्हिडीओ बघून तिकीट काढतात आणि तिकडे आता चित्र पार बदललंय.

मी गेलेलो जुलै 2016 मध्ये. आमचा पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप होता, आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिकडे हिवाळा, हेक्स रिव्हर व्हॅलीतल्या बागांची छाटणी बघायला गेलो होतो आणि मधे एक दिवस मोकळा मिळाला म्हणून आम्ही काहीजण शार्क बघायला गान्सबाय या किनाऱ्यावरच्या गावी गेलो. केपटाऊनहून रस्त्याने दोन-अडीच तास. बोट क्लाइनबायच्या छोट्या बंदरातून सुटते, समोर डायर आयलंड आणि त्याला लागून गीझर रॉक, तो खडक म्हणजे नुसता सीलने भरलेला, हजारोंनी. मधल्या चिंचोळ्या पाण्याला शार्क ॲली म्हणतात. हिवाळ्यात सीलची पिल्लं खोल पाण्यात जायला लागतात म्हणून शार्क त्या सुमारास तिथे जमायचे.

आता पिंजरा. तो तळाला वगैरे सोडत नाहीत, बोटीच्या कडेला बांधलेला असतो आणि त्याचं तोंड पाण्याच्या वरच राहतं, तुम्ही आत रांगेत उभे, डोकं बाहेर. पाठीवर सिलिंडर नाही, फक्त मास्क, जाड वेटसूट आणि कमरेला वजनाचा पट्टा. शार्क दिसला की वरचा माणूस ओरडतो ‘डाउन, डाउन, लेफ्ट!’ की श्वास धरायचा, आतल्या दांडीला धरून खाली जायचं आणि डावीकडे बघायचं. हात फक्त आतल्या दांडीवर, बाहेरच्या गजातून बोटसुद्धा काढायचं नाही, हा एक नियम जिवापाड पाळायचा. त्यामुळे पोहण्यापेक्षा वीस-पंचवीस सेकंद श्वास धरता येणं महत्त्वाचं, ते त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर कोचसमोर मास्क लावून थोडे दिवस केलंत तरी खूप फरक पडतो.

त्रास होतो तो थंडीचा आणि बोट लागण्याचा. पाणी 14 डिग्रीच्या आसपास होतं, चेहरा पाण्यात गेला की कपाळ दुखायला लागतं. आणि बोट एका जागी नांगर टाकून तासन् तास हलत राहते, वर माशाचं तेल आणि कुटलेले मासे पाण्यात ओतत असतात त्याचा उग्र वास. ज्यांना कसारा घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटायच्या आधीच घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही.

शार्क आला तो व्हिडीओत दाखवतात तसा जबडा वासून नाही. हिरवट पाण्यात आधी काहीच नव्हतं आणि मग एकदम एक करडी बाजू, आपल्या छोट्या हत्ती टेम्पोएवढी लांब, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून सावकाश सरकत गेली. कल्ल्याच्या पाचही फटी उघडझाप होताना दिसत होत्या, तोंडावर सीलच्या नखांचे जुने पांढरे ओरखडे. डोळा फोटोत काळा कुळकुळीत दिसतो ना, जवळून तो गडद निळा आहे आणि तो तुमच्याकडे वळतो, तुम्हाला बघतो आणि पुढे जातो. त्या क्षणी भीती कुठे जाते कळत नाही, मी तर वर येऊन श्वास घ्यायचाही विसरलो होतो. इतका देखणा प्राणी मी दुसरा बघितलेला नाही.

आता तिसरा प्रश्न. 2017 मध्ये गान्सबायच्या किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट वाहून यायला लागले, अंगावर चिरा आणि आतलं लिव्हर गायब. हे काम ऑर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं, त्यातही पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाच्या दोन नरांचं, एकाच्या पाठीवरचं पर डावीकडे पडलेलं आणि दुसऱ्याचं उजवीकडे म्हणून ही नावं. शार्कचं लिव्हर चरबीने भरलेलं असतं, ऑर्का तेवढंच खातात. 2023 मध्ये तर त्याच देशातल्या मोसेल बेजवळ एकट्या स्टारबोर्डने एक लहान ग्रेट व्हाइट दोन मिनिटांच्या आत मारला. उरलेले शार्क गान्सबाय सोडून गेले, बरेच पूर्वेकडे सरकले असं म्हणतात, शिवाय तिकडच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावर माणसांच्या सुरक्षेसाठी लावलेल्या जाळ्यांत मरतात ते वेगळेच. या माशाची मादी वयात यायलाच तीसेक वर्षं लागतात, म्हणजे एक गेली की भरून यायला किती काळ जातो बघा. याच देशाने 1991 मध्ये जगात सगळ्यात आधी ग्रेट व्हाइटला कायद्याने संरक्षण दिलं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आमच्या ग्रुपमधले एक काका मागच्या काही वर्षांत कुटुंबासोबत पुन्हा गान्सबायला जाऊन आले, त्यांना दिसले ते सगळे ब्राँझ व्हेलर. तोही शार्कच, दोन-तीन मीटरचा, चपळ, बघायला छान, पण ग्रेट व्हाइट नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, केपटाऊनची ट्रिप तशीही करणार असाल तर एक दिवस गान्सबायला जरूर द्या, पेंग्विन, सील, शार्क सगळं मिळून दिवस सोन्यासारखा जातो. पण फक्त ग्रेट व्हाइटसाठीच पैसे साठवत असाल तर थोडे जास्त साठवा आणि ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनला जा, तिथून बोटीने अडीच-तीन तासांवर नेपच्यून आयलंड्स आहेत, पिंजऱ्यात नळीने हवा देतात त्यामुळे श्वास धरायचीही कटकट नाही. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाचे व्हिडीओ सगळ्यात सुंदर दिसतात पण तिथलं शार्क बघायचं पर्यटन 2023 पासून बंद आहे, त्या नादाला लागू नका.

आणि कुठेही बुक करायच्या आधी तिथल्या बोटवाल्या कंपनीला मेल करून एवढंच विचारा की गेल्या महिन्यात कोणत्या जातीचे शार्क किती दिवस दिसले. नुसतं ‘शार्क दिसतील’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, ग्रेट व्हाइट दिसले का. चांगले लोक रोजची नोंद ठेवतात आणि खरं ते सांगतात.