डायलअप खात्यात काय मिळतं, त्यातलं कामाचं किती

डायलअप म्हणजे फोनलाइनवरून नंबर फिरवून इंटरनेटला जोडणं. ही प्रश्नोत्तरं विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातली आहेत, त्यातले दर, नियम आणि सोयी तेव्हाच्याच समजाव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा देणाऱ्या लहान इंटरनेट कंपन्यांच्या पत्रकांवर तेव्हा मोफत ईमेल, मोफत वेबजागा, ५६ के वेग असं बरंच काही छापलेलं असायचं. आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलच होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लातूरच्या एका कंपनीचं खातं घ्यायचं आहे. १०० तासांचे ५०० रुपये किंवा २५ तासांचे २०० रुपये असे दर आहेत. दोन्हींची मुदत सहा महिने. पत्रकावर ‘जिल्हाभर सेवा’ लिहिलं आहे. माझ्या फोनबिलात एक कॉल १ रुपया २० पैशांना पडतो. कोणतं खातं परवडेल? (आडत व्यापारी, उदगीर)

उत्तर : दराचं नंतर बघू. आधी कंपनीला एवढंच विचारा : डायल करायचा नंबर उदगीरमध्ये आहे का? नोव्हेंबर १९९८च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांना इंटरनेटचे परवाने खुले झाले. ए वर्गाचा परवाना देशभरासाठी, बी वर्गाचा एका टेलिकॉम सर्कलसाठी आणि सी वर्गाचा एका सेकंडरी स्विचिंग एरियासाठी, म्हणजे ढोबळमानाने एका जिल्ह्यासाठी. लहान कंपन्यांचा परवाना बहुधा सी वर्गाचा असतो, म्हणून ‘जिल्हाभर’ म्हणणं खोटं नाही. पण लोकल कॉलची हद्द त्याहून बरीच लहान, साधारण तालुक्याएवढी असते. लातूरचा कोड ०२३८२, तुमचा ०२३८५. लातूरचा नंबर फिरवून बसलात तर हा लोकल कॉल नव्हे. खात्यात वाचवलेले पैसे पहिल्याच बिलात जातील.

नंबर उदगीरचाच असेल तर हिशेब असा. पल्स म्हणजे एका कॉलच्या पैशात मिळणारा वेळ. ती तीन मिनिटांची धरली तर तासाला २० कॉल, म्हणजे २४ रुपये फोनचे. मोठ्या खात्यात इंटरनेटचा तास ५ रुपयांना, लहान खात्यात ८ रुपयांना. म्हणजे एकूण खर्च तासाला २९ आणि ३२ रुपये. फरक तीनच रुपयांचा. त्यात रोज वीस मिनिटं वापरलंत तर महिन्याचे १० तास आणि सहा महिन्यांचे ६० होतात. उरलेले ४० तास मुदतीबरोबर बुडाले की ५०० रुपयांचे ६० तास म्हणजे तासाला ८ रुपयांच्या वरच गेलं. तुम्ही २५ तासांचं खातं घ्या आणि संपेल तसं भरत राहा. नंबर १७२ने सुरू होणारा असेल तर त्याला कोणती पल्स लागते, हे टेलिफोनच्या बिल विभागात विचारून वरचा हिशेब पुन्हा मांडा.

खरा खर्च फोनचा आहे. त्यामुळे लाइनवर राहण्याचा वेळ कमी करणारी सोय हीच खात्यातली मोलाची सोय.

प्रश्न : खात्यासोबत ५ एमबीचा मेलबॉक्स मोफत आहे. माझा मेल आधीच एका मोफत साइटवर आहे, मग हा दुसरा पत्ता कशाला? शिवाय पुण्याहून भावाने पाठवलेले फोटो अर्ध्यावर थांबतात आणि जुनेच मेल पुन्हा पुन्हा येतात. (शिक्षिका, सेलू)

उत्तर : वरच्या उत्तरात म्हटलेली मोलाची सोय हीच. साइटवरचा मेल वाचताना आणि लिहिताना लाइन चालू राहते. कंपनीच्या पॉप मेलबॉक्सातला, म्हणजे तिच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा मेल आउटलुक एक्सप्रेस या मेलच्या प्रोग्रॅममध्ये एकदम उतरतो, लाइन तोडून निवांत वाचता येतो, उत्तरं लिहून ‘आउटबॉक्स’मध्ये ठेवता येतात आणि पुढच्या जोडणीत एका दमात जातात. त्यासाठी टूल्स, ऑप्शन्स, कनेक्शन इथे ‘हँग अप आफ्टर सेंडिंग अँड रिसीव्हिंग’वर खूण करा. पाच-सात साधे मेल असतील तर सगळं काम एका पल्समध्ये आटोपतं.

फोटोंचं कारण वजनात आहे. मेलला जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. २ एमबीचे फोटो २.७ एमबी होतात. सेकंदाला ४ केबी वेग मिळाला तरी सुमारे १२ मिनिटं लागणार. मधे लाइन तुटली तर तो मेल पुन्हा पहिल्यापासून उतरतो, राहिला तिथून नाही. जुने मेल परत येण्याचं कारणही हेच : पॉप सर्व्हर मेल पुसतो तो जोडणी नीट संपल्यावर. लाइन आधीच तुटली तर त्याच्या दृष्टीने तुम्ही काही नेलेलंच नसतं.

उपाय तीन. खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर सर्व्हर टाइमआउट पाच मिनिटांपर्यंत वाढवा. त्याच पानावर ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर’ची खूण काढा, ती राहिली तर ५ एमबी बघता बघता भरतात आणि नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. तिसरं, टूल्समधल्या मेसेज रूल्समध्ये ठरावीक आकारापेक्षा मोठा मेल उतरवू नये असा नियम घाला. अडकलेला मेल कंपनीच्या वेबमेलवरून पुसता येतो. वेबमेल नसेल तर कार्यालयात फोन करून पुसून घ्या. भावाला सांगा, फोटो ८०० बाय ६०० करून जेपीजीमध्ये, एका मेलला एकच पाठव.

सुटीत पुण्याला गेलात आणि तिथल्या दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून मेल पाठवलात तर तुमच्या कंपनीचा एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणारा सर्व्हर ‘रिलेइंग डिनाइड’ म्हणून तो नाकारेल. बाहेरच्या लाइनवरून कोणीही जाहिराती पाठवू नयेत म्हणून ही अडवणूक असते आणि ती रास्त आहे. तेवढ्यापुरतं तिथल्या कंपनीच्या एसएमटीपी सर्व्हरचं नाव घाला. मेल उतरवायला मात्र अडचण येत नाही.

साइटवरचा जुना पत्ता बंद करू नका. कंपनीचं खातं संपलं की तिचा पत्ताही जातो. नोकरीचे अर्ज, बँक यांना जुनाच पत्ता द्या.

प्रश्न : कंपनी ‘५६ के’ म्हणते. स्क्रीनवर १,१५,२०० दिसतं, पण पानं सावकाश येतात आणि पाऊस पडला की सारखी लाइन तुटते. दोष कंपनीचा की फोनचा? (परळी वैजनाथ)

उत्तर : १,१५,२०० हा वेग तुमचा कॉम्प्युटर आणि तुमचा मोडेम (कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारं यंत्र) यांच्यामधला आहे, फोनलाइनशी त्याचा संबंध नाही. विंडोज ९८मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, ॲडव्हान्स्ड असं जाऊन एक्स्ट्रा सेटिंग्जच्या चौकटीत इंग्रजीत डब्ल्यू२ लिहा. बहुतेक मोडेम मग लाइनवरचा खरा वेग दाखवतात. ४४,००० च्या आसपास दिसला तर उत्तम. कधीच ३३,६०० च्या वर जात नसेल तर व्ही.९०, म्हणजे मोडेमची ५६ के वेगाची पद्धत, जुळतच नाही. त्याची दोन कारणं असतात. एक, कंपनीकडे एकदम अनेक कॉल घेणारी डिजिटल पीआरआय लाइन नाही, साध्या लाइनींवर साधे मोडेम मांडले आहेत. मग तुम्ही कितीही भारी मोडेम घ्या, फरक पडणार नाही. दुसरं, तुमच्या गल्लीत एक्सचेंजने एकाच तारेच्या जोडीवर दोन-चार फोन चालवणारं यंत्र बसवलं आहे. व्ही.९०ला एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंत एकच ॲनालॉग टप्पा चालतो, या यंत्राने तो दोनदा होतो. आणि ५६ के हा आकडा फक्त उतरवण्याचा, व्ही.९०मध्ये वर पाठवण्याचा वेग ३३.६च्या पुढे जात नाही.

आकडा ४४,००० असूनही पानं अडखळत असतील तर अडचण कंपनीच्या पुढच्या लाइनीत आहे. ५१२ केबीपीएसच्या (सेकंदाला ५१२ किलोबिट) एका लीज लाइनवर, म्हणजे कंपनीने भाड्याने घेतलेल्या लाइनवर, रात्री ३० जण बसले की प्रत्येकाच्या वाट्याला १७ केबीपीएस येतात. म्हणून खातं घेण्याआधी पुढची लाइन किती, फोनच्या लाइनी किती आणि ग्राहक किती हे तिन्ही विचारा. एका पीआरआयवर ३० जण बसतात. दहा ग्राहकांमागे एक लाइन असेल तर सहसा निभावतं, त्याहून कमी असेल तर रात्री नऊ ते अकरा नंबर व्यग्रच लागेल. जी कंपनी हे आकडे मोकळेपणाने सांगते, तिच्याकडे जावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पावसाचं. रिसीव्हर उचला, एखादा आकडा दाबा म्हणजे डायलटोन थांबेल, आणि त्या शांततेत ऐका. खरखर किंवा गुणगुण ऐकू आली तर खांबावरच्या किंवा डीपी बॉक्सातल्या (घरोघरी तारा वाटणाऱ्या पेटीतल्या) जॉइंटमध्ये ओल शिरली आहे. आधी घरातले पॅरलल फोन आणि कॉलर आयडीचा डबा काढून मोडेम थेट पहिल्या रोझेटला, म्हणजे फोनची तार घरात येते त्या डबीला लावून बघा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. तरीही खरखर राहिली तर तक्रार लिहिताना ‘इंटरनेट चालत नाही’ असं लिहू नका, ‘बोलताना खरखर येते’ असं लिहा, कारण लाइनमन बघतो ते बोलण्याच्या दोषाकडे. जॉइंट पुन्हा करून किंवा पेअर बदलून मागा.

तोपर्यंत वेग थोडा कमी करून जोडणी टिकवता येते. वर सांगितलेल्या एक्स्ट्रा सेटिंग्जच्या चौकटीत कोनेक्संट चिपच्या मोडेमला +एमएस=व्ही३४, ल्यूसेंट चिपला एस३८=० लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. त्याने व्ही.९० बंद होतं. सोबत एस१०=५० लिहिलंत तर सिग्नल क्षणभर गेला तरी मोडेम पाच सेकंद वाट बघतो. ३१,२०० वर तासभर टिकणारी लाइन ४६,००० वर दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनीपेक्षा स्वस्त पडते, कारण प्रत्येक नव्या जोडणीला नवा कॉल लागतो.

प्रश्न : लाइन तुटल्यावर लगेच पुन्हा जोडायला गेलो तर ६९१ क्रमांकाची चूक येते, पासवर्ड बरोबर असूनही. आणि कंपनीचे तास माझ्या वहीतल्या तासांशी जुळत नाहीत. (जिंतूर)

उत्तर : एका खात्यावर एका वेळी एकच जण, असा नियम असतो. लाइन अचानक तुटली की ‘हा ग्राहक गेला’ हा निरोप कधीकधी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही, तो तुम्हाला अजून आतच समजतो. पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर कार्यालयात सांगून जुनं सत्र, म्हणजे आधीची जोडणी, काढून घ्या. अडकलेल्या सत्राचा वेळ तुमच्या तासांत धरला गेला असेल तर तो परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी वापराचा तपशील, म्हणजे प्रत्येक सत्राची सुरुवात आणि शेवट, पाहता येईल असं पान कंपनीकडे हवं. ते नसेल तर खातं घेऊ नका.

थोडा फरक मात्र राहणारच. फोनचं मीटर पलीकडच्या मोडेमने उचलताच सुरू होतं, कंपनीचं घड्याळ पासवर्ड पटल्यावर. मधली वीस-तीस सेकंदं फोनबिलातच दिसतात. काम न करता बसलं की लाइन तोडणारी १५ मिनिटांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते, पण आउटलुक दर काही मिनिटांनी आपणहून मेल तपासत असेल तर ती लागू होत नाही. बाकीच्या चुका ओळखायला सोप्या : ६८० म्हणजे डायलटोन नाही, ६७६ म्हणजे नंबर व्यग्र, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही.

प्रश्न : मेच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मोडेमसकट मदरबोर्ड गेला. मोडेमवर संरक्षक डबी लावली होती. (केज)

उत्तर : डबीचं काम तारेवरून आलेला झटका जमिनीत सोडणं. जमिनीशी नीट जोडलेली नसेल तर ती नुसतीच लटकलेली असते. आपल्याकडे अडचण अशी की काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत विजा होतात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असावं आणि उन्हाळाभर त्यात दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी ओतावं. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या, तो तीन व्होल्टच्या आत असावा.

पुढचा मोडेम बाहेर ठेवायचा सिरियल पोर्टचा घ्या. आतलं मोडेम कार्ड झटका थेट मदरबोर्डावर नेतं. बाहेरच्यात बहुधा मोडेमवर, फार तर पोर्टवर निभावतं. आभाळ भरून आलं की फोनची तार मोडेममधून काढा, मग विजेचा प्लग. नुसतं बटण बंद करून भागत नाही. यूपीएस भारनियमनासाठी उपयोगाचा आहे, फोनच्या तारेवरून येणाऱ्या झटक्याला तो आडवा येत नाही.

प्रश्न : ५ एमबी वेबजागेवर दुकानाचं पान चढवलं. घरी छान दिसतं, बाहेरून बघितलं तर चित्रं नाहीत. (बियाणे विक्रेता, वसमत)

उत्तर : तीन गोष्टी तपासा. पानात चित्राचा पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिला गेला असेल. तिथे फक्त फाइलचं नाव ठेवा. कंपनीचा सर्व्हर लिनक्सवर असेल तर लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून सगळी नावं लहान लिपीत, मधे जागा न ठेवता द्या आणि मुख्य पान ‘इंडेक्स’ याच नावाने ठेवा. एफटीपीने, म्हणजे फाइली सर्व्हरवर पाठवण्याच्या पद्धतीने चढवताना चित्रं ‘बायनरी’त गेली पाहिजेत, ‘आस्की’त, म्हणजे साध्या मजकुरासारखी गेली तर बिघडतात. मूळ फाइली घरी जपून ठेवा, कारण खात्याची मुदत संपली की ही जागा पुसली जाते.

प्रश्न : बारावीच्या निकालाच्या दिवशी साइटवर जुनंच पान दिसत होतं, शेजारच्याला नवं. (हिंगोली)

उत्तर : कंपनीचा प्रॉक्सी एकदा आणलेलं पान साठवून सगळ्यांना देतो. एरवी त्याने वेळ वाचतो. निकालाच्या दिवशी कंट्रोल दाबून एफ५ दाबा किंवा ब्राउझरच्या सेटिंगमधली प्रॉक्सीची खूण तेवढ्यापुरती काढा.

प्रश्न : फोनबिलात परदेशी कॉल लागले. घरात कोणी केले नाहीत. (नांदेड)

उत्तर : डायलअपच्या चौकटीत डायल होणारा नंबर बघा. ००ने सुरू होत असेल तर एखाद्या साइटवर ‘येस’ दाबल्यावर डायलर नावाचा प्रोग्रॅम शिरला आहे. तो काढा, नवी जोडणी तयार करा आणि एक्सचेंजला अर्ज देऊन आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, बंद करून घ्या.

प्रश्न : मराठीत पाठवलेला मेल समोरच्याला चिन्हांची गिचमीड दिसतो. (अंबाजोगाई)

उत्तर : तुम्ही वापरलेला फाँट त्याच्याकडे नाही. दोघांकडे विंडोज एक्सपी असेल तर रीजनल ऑप्शन्समधल्या लँग्वेजेस या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करून मंगल फाँटात लिहा आणि आउटलुकच्या फॉरमॅट मेन्यूत एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एकाकडे विंडोज ९८ असेल तर मजकुराचं जिफ चित्र करून पाठवणं बरं. काळ्या-पांढऱ्या पानाचं वजन बहुधा ३० केबीच्या आतच राहतं.