फ्रान्समध्ये ल्योनहून बोनला जाताना क्लुनीचा मठ बघावा का? तिथे फारसं काही उरलेलं नाही म्हणतात.

बघा. आणि 'काही उरलेलं नाही' असं ज्यांनी सांगितलं त्यांना बरोबर नेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये एक दिवस मोकळा आहे आणि ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पडक्या मठापेक्षा आणखी एका तळघरात वाइन चाखायची आहे. चाखू द्या त्यांना. तिसऱ्या तळघरानंतर कोणाला काही कळत नसतं, सगळे नुसते माना डोलावतात. हे मी मूळचा नाशिकचा असून सांगतोय.

मी बरीच वर्षं ल्योनला आहे. एरवी अशा प्रश्नांच्या वाटेला जात नाही, पण तुमच्या प्रश्नात मला आमचे साडू दिसले. पुण्याचे, सिव्हिल इंजिनिअर. लग्न असो की मुंज, त्यांचं एक पालुपद ठरलेलं: "आपल्या लोकांना जपणूक कळत नाही हो. गडाचे चिरे काढून गोठे बांधले. युरोपात बघा, दगड न् दगड सांभाळलाय." मी सुट्टीत घरी आलो की पोरांबरोबर गडावरची टाकी उपसायला जातो, त्यामुळे हा टोमणा कोणासाठी असतो ते सगळ्या पंगतीला ठाऊक असतं. ते सहकुटुंब आमच्याकडे आले तेव्हा बायकामुलांना खरेदीला पाठवलं, साडूंना गाडीत घातलं आणि थेट क्लुनी गाठलं.

मठाच्या पश्चिमेच्या अंगाला दोन बुरुजांचे बुंधे आहेत. त्यांच्या पुढे खाली खांबांची जोती, आणि बऱ्याच लांब घरांच्या वर एकुलता एक मनोरा. साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. "चर्च कुठाय?"

"ह्या बुरुजांपासून त्या मनोऱ्याच्याही पलीकडे. १८७ मीटर."

मठ ९१० सालचा, अ‍ॅक्विटेनच्या ड्यूक विल्यमने दिलेल्या जमिनीवर उभा राहिलेला. हे चर्च तिथलं तिसरं, १०८८ मध्ये सुरू झालेलं. रोमला सेंट पीटर्स नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. आज त्याचा दहावा हिस्साही उभा नाही.

साडू म्हणाले, "महायुद्धात बाँब पडला असेल."

मी याच वाक्याची वाट बघत होतो. बाँब नाही, भूकंप नाही, परकं सैन्य नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ सरकारजमा झाला, साधूंना बाहेर काढलं आणि १७९८ मध्ये सरकारने तो चक्क विकला. घेणाऱ्यांनी दगडाची खाण म्हणून वापरला. चर्चच्या मधोमध रस्ता काढला. नेपोलियनच्या काळात तिथेच सरकारी घोड्यांची पागा बांधली, तीही मठाच्याच दगडांनी. ती आजही उभी आहे. हे पाडकाम १८२३ पर्यंत रेंगाळत चाललं होतं. म्हणजे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचा वाडा जळला तेव्हा इकडे फ्रेंच लोक स्वतःच्या सर्वांत मोठ्या चर्चचे चिरे गाडीवर चढवत होते. आपला वाडा निदान शत्रूने तरी जाळला. साडूंना हे सगळं मी त्या रस्त्यावरच उभं राहून ऐकवलं. दोन पर्यटक थांबून बघत होते, बघू देत.

आत गेल्यावर मात्र मीच गप्प झालो. चर्च क्रुसाच्या आकाराचं, त्यातल्या आडव्या दालनाचा दक्षिणेकडचा हात तेवढा उरला आहे. खाली उभं राहून वर बघायचं तर मानेला रग लागते, छत तीसेक मीटरवर आहे. साडू भिंतीला हात लावून छिन्नीच्या खुणा बघत बसले, मग मोबाइलवर कसली तरी आकडेमोड सुरू केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा नुसता एक हात?" नुसता एक हात. बाकीचं तुम्हाला मनातल्या मनात उभं करावं लागतं, आणि ते मराठी माणसाला सांगायची गरज पडू नये. रायगडावर जोत्यापलीकडे काय असतं? तरी आपण तिथे तासन्तास फिरतोच ना? इथे पडदे लावून त्रिमितीत जुनं चर्च दाखवतात, तेही बघा, पण आधी नुसत्या डोळ्यांनी फिरा.

धान्याचं कोठार चुकवू नका. वरच्या मजल्यावर चेस्टनटच्या तुळयांचं छप्पर, आणि त्याखाली चर्चच्या गाभाऱ्यातल्या खांबांचे वाचलेले शिरोभाग मांडलेत. त्यांतल्या दोनांवर गायनातले स्वर माणसांच्या रूपात कोरलेत. एक जण मांडीवर तंतुवाद्य घेऊन त्यावर वाकून बसलाय. कडा तुटल्यात, पण वाजवण्यात गढल्याचा भाव जागेवर आहे. जुन्या इमारतींच्या बऱ्याच भागात आता इंजिनिअरिंग कॉलेज भरतं. राखाडी डगल्यातली पोरं दिसली तसे साडू एकदम खुलले.

परतीच्या वाटेवर साडूंनी तह केला नाहीच. म्हणाले, "विकलं ते विकलं, पण जे उरलं त्याची पै-पै नोंद तरी ठेवली." हे खरं आहे. एका अमेरिकन माणसाने, केनेथ कोनंटने, १९२८ पासून वीसेक वर्षं खोदून आराखडा उभा केला. अमेरिकन माणसाने, हे मी साडूंना दोनदा सांगितलं.

आता तुमचं. अर्धा दिवस पुरतो. मकॉन शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, बसही आहे, पण गाडी असेल तर बेर्झे-ला-व्हिलला दहा मिनिटं वाकडी वाट करा. क्लुनीच्या साधूंचं छोटं प्रार्थनाघर आहे, बाराव्या शतकातली भित्तिचित्रं चुन्याखाली राहिल्यामुळे वाचली. क्लुनीच्या भिंतींवर काय रंग असतील याचा अंदाज तिथेच येतो. वाइनवाल्या निम्म्यांना वाटेतच शार्दोने ही पांढरी वाइन मिळेल. त्या नावाचं गावही याच भागात आहे. क्लुनीचे साधू ज्या संत बेनेडिक्टचा नियम पाळायचे त्यात साधूंनासुद्धा रोजचा एक पेला मंजूर होता, तेव्हा पाप लागत नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र घेऊ नये, इथे मर्यादा कडक आहे. बोनच्या पुढचा क्लो द वूजो हा द्राक्षमळाही क्लुनीचाच असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो मळा सीतोच्या मठाचा होता, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा.

राहून गेलं: लहान मुलं कंटाळतील. गुडघे दुखणाऱ्यांनी गावातल्या चीज टॉवर नावाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढू नयेत, पण ज्यांना चढवतं त्यांनी चढाच, चर्च कुठून कुठपर्यंत होतं ते वरूनच नीट कळतं. आणि दुपारी दोननंतर जेवण मिळेल या भरवशावर राहू नका, शाकाहारी असाल तर मुळीच नाही. डबा न्या.